रेसचा ब्लॉक, रोजचा रस्ता

घरची आरएक्स 100 ही यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल बाबांची, 1994 ची. मूळ ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, दर वेळी कोरून मोठा पिस्टन घालत शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत जाऊन संपला होता. एस्कॉर्ट्स आणि यामाहाने मिळून ही गाडी 1985 ते 1996 बनवली. आता ओरिजिनल ब्लॉक सापडणं किती अवघड आहे ते शोधणाऱ्यालाच कळतं, कारण बाजारातल्या स्वस्त किटचं ओतकाम आणि पोर्टांचा (वायू आत-बाहेर करणाऱ्या भोकांचा) आकार दोन्ही बेभरवशाचं. शेवटी कोल्हापूरकडे एक ब्लॉक मिळाला: ओरिजिनल, स्लीव्ह (आतली नळी) जाड, एकच बोअर मारलेला, म्हणजे एकदाच कोरलेला. पण तो ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या थोड्या अंतराच्या शर्यतीसाठी, पोर्टिंग केलेला (पोर्ट घासून मोठे केलेला) होता. विकणाऱ्याने ते लपवलं नाही आणि मीही समजून-उमजून घेतला. सातारा ते कराड नोकरीची ये-जा आणि रविवारी यवतेश्वर घाट, एवढं त्या ब्लॉकवर जमवायचं होतं.

ब्लॉक चढवला आणि हायवेला गाडी खेचली तेव्हा मजा आली, ते खोटं कशाला सांगू. सहा हजारांच्या पुढे अशी सुटायची की हँडल हलकं पडायचं. पण साताऱ्यातल्या गर्दीच्या पोवई नाक्यावर आलं की तीच गाडी हाल करायची. आयडलला, म्हणजे थ्रॉटल मिटलेला असताना, पेटती राहायची नाही. दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल जरासा उघडा ठेवून रिक्षामागून चालावं, तर एकदा पेटायची, दोनदा चुकायची, मग एकदम धक्का द्यायची. चेन सैल पडायची, ताणायची, पुन्हा सैल पडायची. कार्बोरेटर धुऊन, प्लग बदलून, मॅग्नेट तपासून काहीच फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण दोष इंधनात किंवा करंटमध्ये नव्हता. क्रँकला डिग्री प्लेट (अंशांची तबकडी) लावून मोजलं तर धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या एका फेऱ्यातले 194 अंश उघडा राहत होता, रोजच्या गाडीला फारच जास्त.

हे नीट कळलं ते वेगळ्याच इंजिनामुळे. मला रोटरी इंजिनांचं, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनांचं, वेड फार जुनं आहे. माझदाच्या 787बी गाडीने 1991 मध्ये ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली, तिच्या चार रोटरच्या इंजिनाला पेरिफेरल पोर्ट होते. म्हणजे हवा आत घेणारं भोक बाजूच्या प्लेटमध्ये नाही, तर रोटर ज्या भिंतीवरून फिरतो त्या हाउसिंगमध्येच. हवेला वळण नाही, अडथळा नाही, वरच्या आरपीएमला श्वास मोकळा. पण ते भोक कधी खऱ्या अर्थाने बंदच होत नाही. रोटरच्या टोकाचं सील त्यावरून सरकलं की एका चेंबरचं (रोटर आणि भिंतीमधल्या जागेचं) काम संपतं आणि लगेच पुढच्याचं सुरू होतं. इनटेक आणि एक्झॉस्ट बराच वेळ एकाच चेंबरला उघडे सापडतात. थ्रॉटल मिटलेला असला की इनटेकमध्ये निर्वात असतो आणि जळालेला वायू तिकडे ओढला जातो. ताज्या मिश्रणात तो मिसळला की एक ठिणगी वाया जाते, पुढच्या खेपेला चेंबर जरा साफ झालेला असतो म्हणून पेट घेतो, आणि गाडी झटके खाते. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने 1967 च्या आरओ 80 मध्ये पेरिफेरल पोर्ट रस्त्यावर आणले होते. माझदाने मात्र त्याच वर्षीच्या कॉस्मो स्पोर्टला इनटेक पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये दिले आणि शहरात गाडी शांत चालवून दाखवली. आजही पेरिफेरल पोर्टचं इंजिन रस्त्यावर चालवणारे लोक जी तक्रार करतात, ती शब्दन् शब्द माझ्या आरएक्सची होती. टू-स्ट्रोकमध्ये यंत्रणा वेगळी, पण रोग तोच: कमी थ्रॉटलला ताजं मिश्रण थोडं, जुना धूर जास्त, आणि पोर्ट गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा.

म्हणून ठरवलं की पॉवर नंतर, आधी पोर्टची वेळ खाली आणायची. घासून काढलेला धातू परत भरता येत नाही, पण अख्खा ब्लॉक खाली बसवता येतो. गोडोलीकडे राहणारे एक फिटर काका आहेत. साताऱ्यातल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायच्या त्या काळात त्यांनी तिथे नोकरी केली. टू-स्ट्रोक त्यांच्या बोटांत आहे. त्यांनी ब्लॉक उलटा धरला, पोर्टमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाले, “टॉपचं ऱ्हाऊ दे. आधी पोवई नाक्यावर गप उभी ऱ्हाती का बघू.” मी विचारलं, “काका, बेस किती मारूया?” बेस म्हणजे ब्लॉकची खालची बाजू; ती जेवढी कापाल तेवढा ब्लॉक खाली बसतो. त्यांनी हिशेब माझ्याकडूनच करून घेतला.

हिशेब असा. आरएक्सचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, 50 मिलिमीटर. एक्झॉस्ट पोर्ट उघडतो त्या सुमारास एका अंशाला पिस्टन साधारण 0.45 मिलिमीटर सरकतो. उघडताना आणि मिटताना असे दोन्ही बाजूंचे धरले तर ब्लॉक 1 मिलिमीटर खाली आला की एक्झॉस्टचा कालावधी साडेचार अंशांच्या आसपास घटतो. ताजं मिश्रण क्रँककेसमधून वर आणणारे ट्रान्स्फर पोर्ट स्ट्रोकच्या खालच्या भागात असतात, तिथे पिस्टन सावकाश चालतो, म्हणून त्यांचा कालावधी त्याहून जास्त, सहा अंशांच्या आसपास घटतो. आम्ही 1.2 मिलिमीटर घेतले. एक्झॉस्ट 188-189 वर आला. रोजच्या गाडीला एवढं पुष्कळ झालं असं माझं मत आहे. त्याच्या वर जाणाऱ्याने ट्रॅफिकची अपेक्षा सोडावी.

एमआयडीसीतल्या लेथवर बेस फेस केला, म्हणजे कापून सपाट केला. पण काम तिथे संपत नाही, आणि इथेच घाईत लोक इंजिन घालवतात. ब्लॉक खाली आला की पिस्टन टॉपला तेवढाच वर डोकावतो, म्हणून हेडमध्ये तेवढी खोली काढावी लागते. मग पिस्टन आणि हेडमध्ये किती फट उरली ते पाहायला सोल्डर वायर घालून किक फिरवायची आणि चेपलेली वायर मोजायची, आम्ही 0.9 मिलिमीटरवर थांबलो. स्लीव्हची खालची कडा क्रँककेसमध्ये जास्त आत जाते, तिथे कनेक्टिंग रॉड घासत नाही ना ते हाताने फिरवून पाहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पिस्टन टॉपला असताना त्याच्या स्कर्टने (खालच्या भागाने) एक्झॉस्ट पोर्टची खालची कडा झाकलेली असली पाहिजे. तिथे फट पडली तर क्रँककेस थेट सायलेन्सरला उघडते. काकांनी ब्लॉकमधून बॅटरीचा उजेड टाकून ते स्वतः पाहिलं, मगच पुढचं बोलले. पोर्टांच्या कडा बारीक ऑइल स्टोनने मारल्या, नाहीतर रिंग अडकते. होनिंग करून (आतली भिंत बारीक घासून) नवी रिंग घातली.

ब्लॉकबरोबर मोठा कार्बोरेटर आणि रेसचा सायलेन्सर पाइपही मिळाला होता. दोन्ही बाजूला ठेवले. मूळचा 20 मिलिमीटरचा मिकुनी कार्बोरेटर परत लावला. घसा लहान म्हणजे कमी थ्रॉटललाही हवेचा वेग टिकतो आणि पेट्रोलचे थेंब बारीक फुटतात. जेटिंगमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधून किती पेट्रोल सुटावं ते ठरवताना, बहुतेक जण फुल थ्रॉटलच्या मेन जेटच्या मागे लागतात. माझा वेळ कमी थ्रॉटलचं मिश्रण ठरवणारे पायलट जेट, एअर स्क्रू आणि स्लाइडचा कटअवे यांत गेला, कारण नाक्यावर गाडी त्यांच्यावरच चालते. मेन जेट एक पायरी मोठा घेतला. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉलला त्याच हवेत जास्त इंधन लागतं. जुन्या जेटवर गाडी कोरडी चालते, म्हणजे इंधन कमी पडतं, आणि टू-स्ट्रोक कोरडं चाललं की पिस्टन सीज होतो, म्हणजे तापून अडकतो.

प्लग रीडिंगसाठी, म्हणजे प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखायला, यवतेश्वर घाटासारखी जागा नाही. चढावर फुल थ्रॉटल, तिथेच क्लच दाबून इग्निशन बंद, गाडी कडेला आणि प्लग बाहेर. मला गडद चॉकलेटी रंग हवा होता आणि तो मिळाला. कास पठाराकडे वर जाताना मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) होणार हे धरूनच चालायचं. सातारा 700 मीटरच्या आसपास आणि पठार सुमारे 1,200 मीटरवर, वर हवा विरळ. खरी काळजी उतारावर घ्यावी लागते. थ्रॉटल मिटून गिअरवर उतरलं की आरपीएम जास्त आणि ऑइल कमी, कारण ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनात ऑइल सोडणारा, पंपही थ्रॉटलच्या वायरशी जोडलेला असतो. मी दर वळणाआधी थ्रॉटल एकदा थोडा उघडतो.

कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, त्यामुळे ब्लॉक बदलून तो बदलत नाही, आणि रिबोअर ही नेहमीची दुरुस्ती आहे. पण सायलेन्सर मूळचाच ठेवा. शेजाऱ्यांसाठी ठेवा, पोलिसांसाठी ठेवा आणि गाडीसाठीही ठेवा, कारण त्या सायलेन्सरच्या परत येणाऱ्या लहरी मधल्या आरपीएमसाठी जुळवलेल्या आहेत. या वयाच्या टू-स्ट्रोकला पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे. रिच चालणारी गाडी तिथेच अडकते, म्हणून पायलटचं काम आधी आणि पीयूसी नंतर. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं मिळतं; ब्रेक, लाइट आणि चेसिस नंबर स्पष्ट असला की आमच्या आरटीओत काही अडलं नाही.

आता गाडी नाक्यावर उभी राहते, पेटती राहते. नाक्याखालच्या ग्रेड सेपरेटरमधून (भुयारी रस्त्यातून) दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश वर येते. तीन हजारांच्या आसपास, एकदम हलक्या थ्रॉटलला, बारीक चुकणं अजून जाणवतं. ते पोर्टच्या रुंदीत आहे आणि तिथेच राहणार. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केल्यावर गावात त्या पट्ट्यात फार वेळ राहावं लागत नाही. हायवेला टॉप थोडा गेला. काढलेला पाइप आणि कार्बोरेटर कापडात गुंडाळून ठेवले आहेत, आणि फिटर काकांनी आता मूळ ब्लॉकला नवी स्लीव्ह ठोकता येते का ते पाहायला घेतलं आहे.