जानापावच्या माथ्यावरून गरुड मोजताना

रंगपंचमीला सगळं इंदूर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे लोटतं. यंदा त्याच पहाटे आम्ही तिघं उलट्या दिशेला निघालो, महूच्या पुढे जानापावला. सर, माझी भाची आणि मी. सर आमच्या आळीतले, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मला परतणाऱ्या गरुडांच्या या मोजणीला लावलं आणि तेव्हापासून दर मार्चमध्ये मी वर असते.

जानापावच का, ते माथ्यावर उभं राहिलं की कळतं. माळव्याचं पठार इथे तुटतं आणि दक्षिणेला पार नर्मदेपर्यंत निमाड पसरलेला दिसतो. ऊन चढलं की तापलेली हवा वर उठते, दक्षिणेचा वारा असला तर तो उतारावर आपटून तिला आणखी जोर देतो. हिवाळा आपल्याकडे काढून कझाकस्तान-मंगोलियाच्या गवताळ प्रदेशाकडे परतणारे स्टेप गरुड याच हवेवर गोल गोल फिरत उंची घेतात आणि मग पंख ताठ ठेवून उत्तरेला घसरत जातात. एवढं जड शरीर पंख मारत नेणं परवडणारं नाही. म्हणून हवा तापेपर्यंत गरुडांची फारशी आशा नसते, नुसत्या घारी दिसतात. तेवढ्यात आम्ही डब्यातले पोहे उरकून घेतो.

पहिल्या वर्षी मी एका तासात चौदा गरुड लिहिले होते. आनंदाने वही पुढे केली. सरांनी शांतपणे विचारलं, "यातले किती तू दोनदा मोजलेस?" मला उत्तर देता येईना. घिरट्या घालणारा पक्षी माथ्यावरच्या देवळामागे जातो, पाच मिनिटांनी दुसऱ्या बाजूने निघतो आणि आपल्याला तो नवा वाटतो. रात्रभर मला ते चौदा खुपत होते.

तेव्हापासून सरांची रीत पाळते. देवळाच्या कळसापासून समोरच्या टेकडीच्या टोकापर्यंत मनात एक रेघ ओढायची. पक्षी घिरट्या घालत असेल तोवर बोट हातातल्या मोजणीच्या काउंटरवर नुसतं ठेवायचं. तो वर चढून गोल सोडतो, एका दिशेला सरळ सुटतो आणि ती रेघ ओलांडतो, तेव्हाच कळ दाबायची. परत फिरला तर एक वजा. थवा असला की हीच रीत जास्त कामाला येते, कारण वर चढताना सगळे एकमेकांत मिसळलेले असतात, सुटताना मात्र एकामागे एक माळ लागते. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते. पांढऱ्या ढगावर पक्षी चटकन दिसतो, निळ्या मोकळ्या आभाळात डोळ्यांना काही आधारच सापडत नाही. निरभ्र दिवस मला म्हणूनच नकोसा वाटतो.

वहीत तास, जात, संख्या, दिशा, वारा आणि ढग हे रकाने आहेत. तासभर काही आलं नाही तर शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. आणि एक रकाना वयाचा. तो मला आधी जादा काम वाटायचा. सरांनी सांगितलं, अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या हॉक माउंटनवर १९३४ साली मोजणी सुरू झाली. पुढे डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात तिथून जाणाऱ्या टकल्या गरुडांमध्ये कोवळ्या पिल्लांचं प्रमाण घटलेलं दिसलं, आणि ते दिसलं वयं लिहून ठेवली होती म्हणून. स्टेप गरुड २०१५ पासून जगाच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्यामुळे पंखाखाली लांब पांढरा पट्टा दिसला, म्हणजे पिल्लू दिसलं, की मी ते ठळक लिहिते.

यंदा निमाडावर धुरकट झाक होती. सव्वादहाच्या सुमाराला भाची ओरडली, "मावशी, खाली बघ, खाली!" सवयीने मी वरच बघत होते. आमच्या पायाखाली, पळसाच्या लाल शेंड्यांवरून, एक राखाडी भोवत्या (हॅरियर, हाही शिकारी पक्षी) पंख किंचित उचलून तरंगत येत होता. सपाटीवर हा पक्षी नेहमी खालून किंवा बाजूने दिसतो. इथे त्याची पाठ दिसत होती, आणि राखाडी पंखावर पेनाने ओढावी तशी एक काळी रेघ. माँटेग्यूच्या भोवत्याचा नर. फिकट भोवत्या या दुसऱ्या जातीच्या नराला ती रेघ नसते, फक्त टोकाशी काळी पाचर असते. पुस्तकात मी ती रेघ शंभरदा बघितली असेल, पण त्या क्षणी श्वास घ्यायचा राहून गेला. उतारालगत येऊन त्याने मान वळवली, दोन ठोके मारले आणि आमच्या डोक्यावरून पठारावर निघून गेला.

त्यानंतरचे दोन तास बेताचेच. एक पिल्लू स्टेप गरुड, पट्टा स्पष्ट. बाराच्या पुढे खूप उंचावर पांढरं अंग आणि काळे पिसारे असलेलं काहीतरी दिसलं. भाचीचं म्हणणं बुटेड गरुड, मला पांढरं गिधाड वाटलं. गिधाडाची शेपटी पाचरीसारखी आणि डोकं बारीक, बुटेडची शेपटी सरळ कापलेली आणि खांद्यापाशी दोन पांढरे ठिपके. एवढं सगळं पाठ होतं, पण धुरात शेपटीच दिसेना. भाची हट्टाला पेटली, "बुटेडच लिहू या ना!" मी सरांकडे बघितलं, ते काही बोलले नाहीत.

पक्ष्याने गोल सोडला, रेघ ओलांडली आणि तो चंबळ जाते त्या दिशेला निघाला. मी कळ एकदा दाबली. भाचीने पेन उचललं, जातीच्या रकान्यात 'अनोळखी' लिहिलं, पुढे एक, उत्तर, आणि वारा विचारायला माझ्याकडे बघितलं.