निलगिरीच्या तेलाने वर्षाचा गहू सांभाळताना

इंदुरात एप्रिल-मेमध्ये छावणीच्या मंडीतून वर्षाचा गहू आणून भरायचा आणि पाऊस लागला की सोंडे निघायचे, हे घरोघरचं. आम्ही ५० किलो लोकवन पत्र्याच्या पिंपात निलगिरीच्या तेलावर ठेवतो.

तेलाच्या आधी ऊन. काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरून दोन दिवस वाळवायचा, चाळायचा, सावलीत पूर्ण गार करायचा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. गरम गहू भरला तर झाकणाला पाणी सुटतं, आणि दमट गव्हात कुठलंच तेल पुरत नाही.

तेल गव्हावर ओतायचं नाही, कारण काम वाफेचं आहे: निलगिरीतलं सिनिओल हे उडून जाणारं मुख्य द्रव्य किड्याच्या श्वासछिद्रांतून आत जातं. पिंपाला १० मिली घेतो. कापसाच्या पाच बोळ्यांवर दोन-दोन मिली, प्रत्येक बोळा मलमलच्या पुरचुंडीत, दर १० किलोच्या थरावर एक. सगळं वरच ठेवलं तर वरचे दाणेच वाफ शोषून घेतात, तळाचे सोंडे सुखरूप राहतात. झाकणाची फट कणकेने लिंपून सात दिवस उघडायचं नाही.

आठव्या दिवशी घाई नको. सोंडा डिवचला की पाय आखडून मेल्यासारखा पडतो. मूठभर गहू ताटात घेऊन तासभर कोवळ्या उन्हात ठेवावा. चालू लागले तर बहुधा झाकण गळकं होतं.

खरी गफलत पुढे होते. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बुजवते. तिथली अळी वाफेपासून बरीचशी वाचते आणि साधारण महिन्याभरात नवे सोंडे बाहेर पडतात. तोवर वाफ संपलेली असते. म्हणून चार आठवड्यांनी नव्या पुरचुंड्या लागतातच. एका मात्रेवर थांबलेल्यांचं श्रावणात नुकसान होतं.

लवंगतेल नको, ते सावकाश उडतं, वास पोळीत उतरतो. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हे विषारी द्रव्य असतं, ते खाण्याच्या धान्याजवळ आणूच नये. बियाण्याच्या गव्हालाही निलगिरी नको, उगवण बिघडू शकते. बाटली मुलांपासून लांब ठेवा. पोटात गेलं तर झटके येतात. दळणाआधी गहू दोन-तीन दिवस उघडा पसरून ठेवावा.

तूर-मुगाचं वेगळं. भुंगा अंडी दाण्याच्या सालावर चिकटवतो, म्हणून तिथे किलोला ५ मिली शेंगदाणा तेल हाताने नीट चोळतो. अंडी तिथेच गुदमरतात.