खड्डा पडण्याआधीचा दंतक्षय

बी.डी.एस.च्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) अभ्यासक्रमात दंतक्षय हा एकच आजार विद्यार्थ्याला निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या विभागांतून भेटत राहतो. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू येतो, तिसऱ्या वर्षी ओरल पॅथॉलॉजीत किडलेल्या एनॅमलचे (दाताच्या वरच्या कठीण आवरणाचे) थर येतात, शेवटच्या वर्षी एका विभागात दुधाच्या दातांची कीड, दुसऱ्यात साखर आणि फ्लोराइड, आणि आमच्या कॉन्झर्व्हेटिव्ह विभागात कीड कोरून दात भरण्याचे काम. प्रत्येक विभाग आपापला तुकडा मन लावून शिकवतो, यात शंका नाही. तरीही शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी केस पेपरवर ‘खालच्या उजव्या पहिल्या दाढेत खोल दंतक्षय’ एवढे लिहून थांबतो. व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारले तर कीज यांची दात, जिवाणू आणि आहार ही एकमेकांना छेदणारी तीन वर्तुळे तो झटकन काढून दाखवतो. मात्र समोर बसलेल्या माणसाची हीच दाढ का किडली, शेजारची का वाचली, आणि ही कीड आज पुढे सरकते आहे की थांबलेली आहे, असे विचारले की तो गप्प होतो. माझ्या मते या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच दंतक्षयाचे निदान होय, आणि कारणे एका वर्गात व निदान दुसऱ्या वर्गात शिकवल्यामुळे ती उत्तरे विद्यार्थ्यांच्या हाती लागत नाहीत. पोस्टिंगवर येणाऱ्या मुलांना ही दोन्ही अंगे एकत्र शिकवण्यासाठी मी जे काही करते, त्याविषयी हे लिहिते आहे.

सुरुवात मी इतिहासापासून करते. फ्रान्समधील पिएर फोशार यांनी १७२८ साली आपल्या ग्रंथात दातातल्या किड्यांची कल्पना नाकारली. तरी काटेरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातले किडे पाडल्याचे सांगणाऱ्या आजी आमच्या ओपीडीत अजूनही येतात. विद्यार्थी हसू दाबतात. मग मी त्यांना विचारते की, किडे नाहीत हे तुम्ही सिद्ध कसे कराल? बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांच्या प्रयोगांकडे वळण्यासाठी हा प्रश्न उपयोगी पडतो. त्यांनी काढलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात शरीराच्या तापमानाला ठेवले, तेव्हा दातांतील खनिज विरघळले. पावाऐवजी मांस ठेवले तेव्हा विरघळले नाही. आणि लाळ आधी उकळून घेतली तेव्हाही विरघळले नाही. जिवाणू, पिष्टमय अन्न आणि आम्ल यांचा संबंध एवढ्या साध्या मांडणीतून उलगडतो. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातील हे विवेचन आजच्या विद्यार्थ्याला कोणत्याही आकृतीपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

पुढचा इतिहास मी भराभर सांगते. लंडनमध्ये क्लार्क यांनी १९२४ साली म्यूटन्स वेगळा केला. १९५४ साली ऑरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साखर चारली तरी त्यांचे दात किडत नाहीत. आणि १९६० साली कीज यांनी हॅमस्टरांवरील प्रयोगांतून ही कीड एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते हे दाखवले. येथवर आले की मुले म्यूटन्सलाच गुन्हेगार ठरवून मोकळी होतात, आणि त्यांना तिथून मागे आणावे लागते. म्यूटन्स निरोगी तोंडातही सापडतो. फिलिप मार्श यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार, वारंवार मिळणाऱ्या साखरेमुळे प्लाक, म्हणजे दातांवर बसणारा जिवाणूंचा चिकट थर, सतत आम्लधर्मी राहतो, त्या आम्लात तग धरणारे जिवाणू वाढतात आणि बाकीचे मागे पडतात. म्हणजे जिवाणू तोंडात आधीपासून असतातच. त्यांच्यापैकी कोणी माजायचे, हे तोंडात काय आणि किती वेळा जाते यावर ठरते.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून एक प्रात्यक्षिक करते. स्वेच्छेने पुढे आलेल्या दोघातिघांना सकाळी दात न घासता यायला सांगते, ते दोन तास कसे तोंड मिटून बसतात ते पाहण्यासारखे असते. त्यांच्या हिरड्यांलगतचा प्लाक एक्स्कॅव्हेटरने खरवडून पांढऱ्या टाइलवर त्याचे दोन लहान ढीग करायचे, एकावर साधे पाणी आणि दुसऱ्यावर साखरेचे पाणी टाकायचे, आणि दोन्हींवर मेथिल रेडचा एकेक थेंब सोडायचा. आम्लानुसार रंग बदलणारे हे दर्शक साधारण सहाच्या वरच्या पीएचला पिवळे आणि साडेचारच्या खाली लाल असते (पीएच जितका कमी, तितके आम्ल जास्त). सुरुवातीला दोन्ही ढीग पिवळे दिसतात, आणि थोड्या वेळाने साखरेचा ढीग कडेने नारिंगी होत लालसर पडू लागतो. आपल्याच दातावरून निघालेला पांढरा चिकटा आपल्या डोळ्यांदेखत आम्ल तयार करतो, हे पाहिल्यावर स्टीफन यांचा आलेख वेगळा पाठ करावा लागत नाही. १९४०च्या दशकात त्यांनी ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरल्यानंतरचा प्लाकचा पीएच मोजला. काही मिनिटांतच तो खाली जातो आणि पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागतो. पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. दाताच्या मुळावरचे डेंटिन (दाताचा एनॅमलपेक्षा मऊ, आतला भाग) तर ६.२ ते ६.४च्या आसपासच विरघळू लागते. आम्ल ओसरले की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट एनॅमलमध्ये परत बसू लागते, आणि फ्लोराइड असेल तर ते अधिक चांगले बसते. ही ये-जा दिवसभर चालू असते. दात किडणार की नाही, हे दिवसाच्या अखेरीस जमा जास्त झाली की खर्च यावर अवलंबून असते.

साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा आणि कोणत्या रूपात खाल्ली हे महत्त्वाचे, याचा सर्वांत ठळक पुरावा स्वीडनमधील लुंडजवळच्या विपेहोल्म रुग्णालयातून मिळाला, आणि तो कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही. तेथील मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती न घेता, १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ठरवून साखर दिली गेली. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने दंतक्षय फारसा वाढला नाही. जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांमध्ये तो झपाट्याने वाढला, आणि टॉफी बंद केल्यावर त्याचा वेग उतरला. १९५४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्ञान आपण वापरतो, तेव्हा ते ज्यांच्या दातांवर मिळवले गेले त्यांची आठवण विद्यार्थ्यांना असावी, असे मला वाटते.

या निष्कर्षाचा उपयोग रुग्णाशी बोलताना होतो, आणि इथेच विद्यार्थी अडखळतात. ‘काका, गोड खाता का?’ असे विचारले की बहुतेक रुग्ण ‘छे, मला गोडाची आवडच नाही’ असे उत्तर देतात, आणि विद्यार्थी केस पेपरवर ‘आहार : सामान्य’ असे लिहून मोकळा होतो. साखर घातलेला चहा आपल्याकडे कोणी गोडात धरत नाही. त्यात बुडवलेली खारी किंवा बटर तर नाहीच नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की, ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेले, ते क्रमाने सांगा’ असे विचारा आणि मध्ये बोलू नका. एका रिक्षाचालक काकांच्या डाव्या बाजूच्या वरच्या दाढा हिरडीलगत, गालाच्या बाजूने ओळीने किडल्या होत्या, तर उजवी बाजू जवळजवळ स्वच्छ होती. विद्यार्थिनीने चारही दातांचे निदान अचूक लिहिले होते आणि कारणाची जागा रिकामी ठेवली होती. तिने पुन्हा नीट विचारले तेव्हा कळले की, तंबाखू सोडल्यापासून काकांच्या डाव्या गालात दिवसभर पेपरमिंटची गोळी असते, पूर्वी जिथे तंबाखूचा बार असे तिथेच. ही गोळी सुटली नाही तर चारही फिलिंगच्या कडांनी नवी कीड धरणार, हे मग तिला कोणी सांगावे लागले नाही.

कीड कुठे आहे यावरून कारण ओळखता येते, हे बालरुग्णांमध्ये आणखी स्पष्ट दिसते. तान्ह्या मुलाचे वरचे पटाशीचे दात किडून काळे पडलेले आणि खालचे पुढचे दात मात्र शाबूत, असे चित्र दिसले की रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवण्याची सवय विचारावीच; चोखताना जीभ खालच्या दातांवर येते आणि तिथे लाळही भरपूर असते, म्हणून ते वाचतात. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या रुग्णांत नेमके उलटे घडते: लाळग्रंथी निकामी झाल्याने एरवी सहसा न किडणारे खालचे पुढचे दातही मानेशी, म्हणजे हिरडीलगत, गोल कापल्यासारखे किडतात. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या राज्यात असे रुग्ण दुर्मीळ नाहीत.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी. दात आधी ब्रशने स्वच्छ करायचा, कापसाच्या गुंडाळ्यांनी लाळ अडवायची, चांगला प्रकाश घ्यायचा आणि मग थ्री-वे सिरिंजच्या हवेने साधारण पाच सेकंद दात कोरडा करायचा. या पाच सेकंदांना पर्याय नाही. एनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १.० असतो, आणि हा फरक जितका मोठा तितका प्रकाश जास्त विखुरतो. म्हणून कीड लागून सच्छिद्र झालेल्या एनॅमलमध्ये पाणी भरलेले असते तोवर तो भाग आजूबाजूत मिसळून जातो, आणि पाण्याची जागा हवेने घेतली की खडूसारखा पांढरा डाग उमटतो. वाळवल्यावरच दिसणारा डाग आयसीडीएएस या कीड नोंदवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिल्या क्रमांकाचा, ओला असतानाही दिसणारा दुसऱ्या क्रमांकाचा. किडीसारखे दिसून फसवणारे इतर डागही ओळखावे लागतात. यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडकडून आलेल्या रुग्णांच्या दातांवर फ्लोरोसिसचे (पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे पडणारे) पांढरे पट्टे असतात, पण ते डाव्या-उजव्या दातांवर सारखे असतात आणि त्यांच्या कडा विरत जातात. किडीचा डाग हिरडीलगत, प्लाक साचतो तिथे, खरखरीत असतो. मिश्रीचा काळा थर तर पॉलिशने निघून जातो.

टोकदार प्रोबविषयी (दात चाचपण्याच्या बारीक सळईविषयी) मात्र मी आग्रही आहे. ‘प्रोब अडकला म्हणजे कीड’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे आणि अजूनही काही वरिष्ठांच्या तोंडून ऐकू येते. प्रोब अडकतो तो बहुधा खाचेच्या आकारामुळे. सुरुवातीच्या किडीत वरचा थर बराचसा शाबूत असतो आणि त्याखालचे खनिज गेलेले असते, वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीसारखे. तिथे टोक दाबले की तो थर मोडतो आणि फ्लोराइडने सुधारू शकली असती अशा जागी आपणच खड्डा करून बसतो. त्यामुळे माझ्या चेअरवर गोल टोकाचा प्रोब वापरायचा, तोही न दाबता, पृष्ठभाग खरखरीत आहे की गुळगुळीत एवढे जाणण्यासाठी. खरखरीत आणि निस्तेज डाग म्हणजे कीड चालू आहे. चकचकीत, कठीण, तपकिरी डाग म्हणजे ती बहुधा थांबलेली आहे.

डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा, हे शिकवण्यासाठी काढलेल्या दाढांना क्रमांक देऊन आम्ही प्रत्येकाकडून निदान लिहून घेतो आणि मग डायमंड डिस्कने त्या उभ्या कापतो. सर्वांनी एकमताने ‘किडलेली’ ठरवलेली काळीकुट्ट खाच कापल्यावर खालचे डेंटिन अनेकदा पिवळसर आणि टणक निघते. आणि जिच्या खाचेत काही दिसत नव्हते, फक्त एनॅमलखालून करडी सावली जाणवत होती, ती दाढ आतून पोखरलेली निघते. खाचेतील कीड एनॅमलमधून खाली जाताना रुंदावत जाते, हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी पक्के होते. दोन दाढांच्या मधल्या फटीतील किडीसाठी बाइटविंग (फिल्म दातांत चावून धरून काढलेला) एक्स-रे हवाच, पण त्यावरही तीसेक टक्के खनिज गेल्याशिवाय काही उमटत नाही, आणि दाताच्या मानेजवळची नेहमीची काळसर सावली पाहून कीड ठरवणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

एवढे सगळे शिकवूनही एक अडचण आमच्या पद्धतीतच आहे. विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यापूर्वी ठरावीक संख्येने फिलिंग पूर्ण करून जर्नलवर सही घ्यावी लागते. साहजिकच रुग्ण चेअरवर बसताच त्याची नजर भरण्याजोगा खड्डा शोधते, आणि पांढरा डाग त्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. क्वचित एखादी थांबलेली कीडही सहीसाठी कोरली जाते. कोटा हवाच, हाताला सवय लागल्याशिवाय दंतवैद्य घडत नाही. परंतु न कोरण्याच्या निर्णयालाही त्यात जागा हवी, असे मी विभागाच्या बैठकीत मांडत आले आहे. तूर्त माझ्या बॅचपुरते मी जर्नलमध्ये एक वेगळे पान ठेवले आहे. त्यावर विद्यार्थ्याने पांढऱ्या डागाचा एक रुग्ण घ्यायचा, डागाचे ठिकाण, तो खरखरीत की चकचकीत, रुग्णाचा दिवसभराचा आहार आणि लाळेची स्थिती नोंदवायची, फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावायचे आणि काही महिन्यांनी त्याच दाताची पुन्हा नोंद करायची. दुखत नसलेल्या दातासाठी रुग्ण पुन्हा येत नाहीत, त्यामुळे बरीच पाने अर्धवट राहतात. म्हणून आता हे पान तिसऱ्या वर्षीच सुरू करायला सांगते, आणि शक्यतो घरातल्या किंवा वसतिगृहातल्या कोणाचे तरी, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या परीक्षेपूर्वी दुसरी नोंद होण्याची शक्यता तरी वाढते.