डावा कोपरा

डिसेंबर उजाडला की आमच्या शाळेच्या मैदानाला फक्कीचा वास यायचा. साताऱ्याकडचं तालुक्याचं गाव, कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, रस्त्यानं उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल. प्रार्थना झाली की सर दोन पोरांना सुतळी ताणून धरायला लावायचे आणि डब्यातून फक्की सोडत मध्यरेषा आखायचे. संध्याकाळपर्यंत ती आमच्या पायांनी पुसली जायची, आणि दुसऱ्या दिवशी सर पुन्हा वाकलेले दिसायचे.

सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आले होते. त्या मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली, हे ते दरवर्षी उद्घाटनाला सांगायचे. दरवर्षी तेच सांगायचे, आणि दरवर्षी आमच्या अंगावर काटा यायचा.

पहिले तीन दिवस सामने, मग आनंद मेळा, शेलापागोटे, शेवटी बक्षीस समारंभ. हे सगळ्यांच्या शाळेत असतं. आमच्याकडे वेगळं होतं ते बाईंचं मडकं.

बाई मराठी शिकवायच्या, मूल्यशिक्षणाचा तासही त्यांच्याकडेच. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चिठ्ठ्यांनी भरलेलं मडकं घेऊन सभागृहात बसत. चिठ्ठीत एक पेच लिहिलेला असायचा आणि खाली एकच ओळ: तुम्ही काय कराल? मी नववीत होतो तेव्हा मला निघालेली चिठ्ठी अजून पाठ आहे. ‘तुमचा जिवलग मित्र परीक्षेत कॉपी करताना दिसला. नापास झाला तर वडील त्याची शाळा बंद करून त्याला वीटभट्टीवर पाठवणार आहेत. तुम्ही काय कराल?’

मी छाती पुढे काढून म्हणालो, “मी सरांना खरं सांगेन.” टाळ्या पडल्या. बाईंनी मात्र हात वर करून टाळ्या थांबवल्या.

“उत्तर नंतर. आधी सांग, यात कोणाचं काय जातंय?”

मला सांगता आलं नाही. मित्राची शाळा जाते, एवढं मी बोललो. “आणि तुझं?” बाईंनी विचारलं. माझं काय जात होतं? काहीच नाही. म्हणून तर उत्तर इतकं सोपं गेलं होतं. बाई रागावल्या नाहीत. “बस. विचार कर,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, नववी अ विरुद्ध दहावी ब. मी कर्णधार. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही २१-२० असे एका गुणानं पुढे होतो. दहावीचा सर्वांत लांब हाताचा गडी चढाईला आला, डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आमच्या गड्यावर झेपावला आणि रिकामा परत गेला. निदान आम्हाला तरी तसं दिसलं. मुख्य पंच असलेल्या सरांची शिट्टी नाही. खुद्द चढाई करणाऱ्यानंही गुण मागितला नाही.

आमच्या डाव्या कोपऱ्यानं हात वर केला.

“सर, बनियनला हात लागला माझ्या.”

कबड्डीत कपड्याला झालेला स्पर्शही स्पर्शच. त्याचं बनियन मोठ्या भावाचं, मांडीपर्यंत लोंबणारं. त्याच्या एका कडेला समोरच्याचं बोट घासून गेलं होतं आणि त्या मैदानावर ते फक्त त्याला ठाऊक होतं. सर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी शिट्टी मारली. २१-२१. तो मान खाली घालून बाहेर जाऊन बसला.

शेवटची चढाई आमची होती, ती मी केली. त्यांच्या अंगणातली ‘निदान रेषा’ ओलांडून सुखरूप परत आलो असतो तर बरोबरी राहिली असती, जादा वेळ मिळाला असता. पण माझं डोकं भडकलं होतं. मी थेट त्यांच्या साखळीत शिरलो. घोट्याला पकड बसली, अंगावर चौघे आले. मी हात लांबवला, मध्यरेषा वीतभर राहिली. दम गेला. २२-२१.

वर्गात त्या पोराशी आठ दिवस कोणी बोललं नाही. सुरुवात मी केली होती. डबा खाताना तो आला की मी उठायचो, मग बाकीचेही उठायचे. दहावीची पोरं ढाल घेऊन मिरवत होती आणि माझ्या डोक्यात एकच: ह्यानं घालवली. माझी चढाई मला आठवतच नव्हती. पकडला गेलो मी, आणि खापर फोडलं त्याच्या वर केलेल्या हातावर. हे स्वतःशी कबूल करायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली.

बक्षीस समारंभात त्याला खास बक्षीस द्यावं असं काही शिक्षकांचं म्हणणं होतं. सरांनी नाही म्हटलं. “खरं बोलल्याचं बक्षीस दिलं तर पुढच्या वर्षी पोरं बक्षिसासाठी हात वर करतील.” तेव्हा मला बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

बाईंना मुलींचा खो-खो फार आवडायचा. आठ जणी पाटीवर एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या. मागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, पळती अगदी हाताशी आली तरी नाही. त्या बसून राहण्यातली तगमग मला कबड्डीत कधी भेटली नाही. चढाई करणाऱ्याचं नाव होतं. खो-खोत एक गडी बाद करायला पाच-सहा जणी उठलेल्या असतात आणि नाव कोणा एकीचं राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही, नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळवलं. मुलींची कर्णधार महाराष्ट्राची, प्रियांका इंगळे. त्या रात्री आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या जुन्या पाटीवरच्या मुलींनी, आता कोणी आजी झालेल्या, पहाटेपर्यंत कोणाला झोपू दिलं नाही.

त्याच ग्रुपवर ठरलं आणि पुढच्या संमेलनाला आम्ही तुकडीचे वीस-बावीस जण शाळेत गेलो. सर आता नाहीत. बाई थकल्यात, ऐकू कमी येतं, तरी आल्या होत्या. डावा कोपराही आला होता. मैदानाच्या कठड्यावर आम्ही दोघं शेजारी बसलो आणि इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते मी बोललो. त्याची माफी मागितली.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तुला वाटतं तसं सोपं नव्हतं रे ते. हात वर केला तेव्हा मला फक्त बनियन आठवत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, तो गुण माझ्या एकट्याचा नव्हता. सात जणांचा होता. मी कोणाला न विचारता देऊन टाकला.”

“म्हणजे चुकलं वाटतं तुला?”

“नाही. आजही हात वर करीन.” थोडं थांबून म्हणाला, “पण आधी एकदा तुमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घेईन.”

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तो असा तीस वर्षं शोधत होता. मी फक्त टाळ्या मिळवल्या होत्या.

समोर आठवी-नववीची पोरं सामन्यासाठी आत येत होती. नवीन क्रीडा शिक्षक फक्कीची रेषा आखून नुकते उभे राहिले होते. एका टोकाला, आपल्या अंगापेक्षा दोन मापं मोठं बनियन घातलेला एक बारका पोरगा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. माझा मित्र कठड्यावरून उतरला, त्याच्याजवळ गेला आणि हळूच म्हणाला,

“बाळा, बनियन आत खोच.”