मेणवली: नाना फडणवीसांचा नदीकाठचा वाडा

पुण्यात नाना फडणवीसांचे नाव निघाले की नानावाडा आणि बेलबाग या वास्तू आठवतात. पण त्या दोन्ही आज भर बाजारपेठेच्या गजबजाटात असल्याने तिथे उभे राहून पेशवाईतील निवांतपणाची कल्पना करणे अवघड जाते. त्यासाठी खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावरून वाईकडे वळावे आणि वाईच्या पुढे तीनेक किलोमीटरवर कृष्णेच्या काठी वसलेल्या मेणवलीला जावे. हे गाव नानांना १७६८ साली औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळाले आणि त्यानंतर त्यांनी इथे सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळे बांधली.

गावाच्या बाजूने वाडा अगदी अबोल वाटतो. उंच, जाडजूड भिंती आणि त्यांत मोजकीच दारे-खिडक्या, एवढेच बाहेरून दिसते. दिंडी ओलांडून आत गेल्यावर मात्र एका चौकातून दुसऱ्या चौकात प्रवेश करताना उजेड आणि सावली यांची अदलाबदल सतत जाणवत राहते. ओसरीच्या सागवानी खांबांवर हात ठेवला तर दुपारच्या उन्हातही गारवा लागतो. काही भिंतींवर पौराणिक प्रसंगांची चित्रे आहेत. त्यांचे रंग उडाले आहेत, कुठे गिलाव्याचा पोपडा सुटून चित्राचा अर्धा भाग नाहीसा झाला आहे, तरीही उरलेल्या रेषा इतक्या ठाम आहेत की त्या काढणाऱ्या अनाम हाताबद्दल मनात आदर दाटून येतो. या चित्रांवर तज्ज्ञांकडून तातडीने काम व्हायला हवे, असे मला फार मनापासून वाटते.

पेशवाईतील बागांचे वैभव पाहायचे तर हिराबाग आणि सारसबाग पुण्यातच होत्या. मेणवलीत तसा डामडौल नाही. इथली खरी बाग म्हणजे वाड्यामागची झाडी आणि तिच्यातून घाटाकडे उतरणारी वाट. रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेला हा वाडा नदीकडे मात्र मोकळेपणाने पाहतो, आणि राजकारणाच्या धकाधकीत आयुष्य गेलेल्या माणसाने आपल्या घराचे तोंड कुठे वळवले, हे मला त्याच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगणारे वाटते.

घाटाच्या रुंद दगडी पायऱ्या चंद्रकोरीसारख्या वळत पाण्यापर्यंत उतरतात. तिथेच मेणवलेश्वराचे आणि विष्णूचे मंदिर आहे, आणि जवळच्या छोट्या दगडी घुमटीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. निरखून पाहिले तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावातील आकृती दिसते आणि १७०७ हे सालही वाचता येते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधील ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांपैकी ही एक. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरातही अशाच घंटा आहेत. पण चर्चच्या मनोऱ्यातून महादेवापुढे आलेली ही घंटा इतक्या जवळून, सावकाश पाहण्याचा आनंद मला मेणवलीतच मिळाला.

नानांचे निधन १३ मार्च १८०० रोजी पुण्यात झाले. त्यांच्या मागे उरलेली पत्नी जिऊबाई तेव्हा कोवळ्या वयाची होती. तिला आधी लोहगडाचा आश्रय घ्यावा लागला, मग इंग्रजांच्या संरक्षणाखाली राहावे लागले, आणि पुढे मेणवली तिच्याकडे आली. वाड्यात हिंडणाऱ्यांना नानांचे मुत्सद्दीपण आवर्जून सांगितले जाते. जिऊबाईचा उल्लेखही तितक्याच आवर्जून व्हायला हवा, कारण सत्ता गेल्यानंतर हे घर जपण्याचा भार तिनेच वाहिला.

वाडा खासगी मालकीचा असल्यामुळे आत जाण्याआधी तिथल्या माणसांना विचारून, त्यांच्या सोयीने पाहावा. नानांचे या वाड्यातील कागद मेणवली दफ्तर म्हणून ओळखले जातात आणि इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांच्या संग्रहातून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आहेत. इतिहासाची ओढ असलेल्यांनी मेणवलीहून परतल्यावर येरवड्याच्या बाजूला असलेल्या या कॉलेजातले मराठा इतिहासाचे संग्रहालयही वेळ काढून पाहावे.