रणगाडा आणि सैनिक यांच्यातलं अंतर

रणगाड्यांवर वाचताना माझं लक्ष हल्ली रणगाड्यापेक्षा समोर खड्ड्यात बसलेल्या सैनिकाकडेच जास्त जातं. त्याला किती जवळ जावं लागायचं, हा माझ्यासाठी या सगळ्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

१९१६ मध्ये सॉमच्या लढाईत ब्रिटिशांनी रणगाडे आणले, आणि १९१८ मध्ये जर्मनांनी त्यावर माउझरची १३.२ मिलिमीटरची अवजड रायफल काढली, एकावेळी एकच गोळी, आणि धक्का असा की खांदा सुजायचा. दुसऱ्या महायुद्धात चिलखत जाड होत गेलं तशा असल्या रायफली मागे पडल्या.

मग आला पोकळ स्फोटकाचा शोध, आणि खरी गंमत इथे आहे. स्फोटकाला पुढून शंकूसारखी पोकळी ठेवतात, त्यात तांब्यासारख्या धातूचं अस्तर असतं, स्फोट झाला की ते अस्तर दाबलं जाऊन त्याची बारीक धार होते आणि ती सेकंदाला काही किलोमीटर वेगाने पुढे घुसते. लोकांना वाटतं चिलखत वितळतं. तसं नाहीये, प्रचंड दाबामुळे पोलाद बाजूला सारलं जातं! आणि हे सगळं स्फोटकाची ऊर्जा करते, फेकण्याचा वेग नाही, म्हणून तर ते एका माणसाच्या खांद्यावरून मारता आलं. अमेरिकेचा बझूका, ब्रिटिशांचा स्प्रिंगवाला पीआयएटी, जर्मनांचा पान्झरफाउस्ट, सगळे याच तत्त्वावरचे.

पान्झरफाउस्ट ३० मधला ३० म्हणजे पल्ला, मीटरमध्ये. तीस मीटर! म्हणजे रणगाड्याची जमिनीतली थरथर जाणवेपर्यंत थांबायचं, एकदा मारायचं, नळी टाकून पळायचं. १९४५ मध्ये जर्मनीने हे म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या हातात दिलं, ते वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

१९५० मध्ये कोरियात ओसानजवळ अमेरिकनांचे जुने बझूके सोव्हिएत बनावटीच्या टी-३४ रणगाड्यांवर चाललेच नाहीत, घाईघाईने मोठे ३.५ इंची मागवावे लागले. सोव्हिएतांचं खांद्यावरून मारायचं रॉकेट लाँचर आरपीजी-७ १९६१ पासून आहे आणि अजून जगभर वापरात आहे, कारण साधं, स्वस्त, पुन्हा भरता येणारं.

१९७३ च्या युद्धात इजिप्तच्या सैनिकांनी सॅगर क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे फोडले, पल्ला थेट तीन किलोमीटर. पण क्षेपणास्त्राच्या मागे त्याला दिशा देणारी तार, सैनिकाच्या हातात जॉयस्टिक, आणि क्षेपणास्त्र पोहोचेपर्यंत नजर हलवायची नाही, इस्रायलींनी हे ओळखलं आणि क्षेपणास्त्र सुटलेलं दिसलं की ते सोडणाऱ्याच्या दिशेनेच गोळीबार सुरू करायचे, त्याचा हात जरा जरी हलला तरी नेम चुकायचा.

ही अडचण जॅव्हलिनने सोडवली. १९९६ मध्ये अमेरिकन सैन्यात आलेलं हे क्षेपणास्त्र सोडलं की स्वतःच लक्ष्य धरून ठेवतं, वर चढून रणगाड्याच्या डोक्यावर, जिथे चिलखत पातळ असतं तिथे पडतं, आणि तोवर मारणारा जागा सोडून निघून गेलेला असतो.