ताईच्या पोटावरचे डाग

आज ताईला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते. तपासताना डॉक्टरांनी आधी विचारलं, "हे तपकिरी डाग कसले?" गरम पाण्याच्या पिशवीचे. पोटात दुखतं म्हणून ८ वर्षं शेकून शेकून ओटीपोटावरची कातडी जाळीसारखी काळवंडलीये. मी सख्खी बहीण, आणि मला ते आज दिसले.

बहुधा एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ वाढतात. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. १० पैकी साधारण एकीला असतो हा आजार! साध्या सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. ताईची दोनदा नॉर्मल आली, म्हणून "सगळं मनाचं आहे" हे तिने मुकाट ऐकून घेतलं.

येताना रिक्षात गप्प होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते ना गं?"